सुई कोणत्या वाटेने

डिसेंबर १९६२. दिल्ली गेटपाशी टांग्यातून उतरून तुम्ही मफलर कानांवर घट्ट ओढता आणि आयर्विन हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरता. गावात सगळ्यांच्या तोंडी चीन आहे, आणि दिल्लीतल्या मराठी घरांत नवे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य सकाळपासून दोनदा तुमच्या कानांवर पडलंय. तुमच्या डोक्यात मात्र वेगळीच चिंता आहे. रात्री चार-चारदा उठावं लागतं, धार बारीक झालीये, आणि एवढ्या थंडीत मोरीपर्यंत जायचं म्हणजे जिवावर येतं.

आत जाण्याआधी एक गोष्ट फक्त तुमच्या-माझ्यात ठेवूया. मूत्राशयाच्या तोंडाशी, गुदाशयाला पाठ टेकून बसलेली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी वयामुळे तुमच्यात बरीच मोठी झाली आहे. तिच्यात अगदी पुढच्या अंगाला, पोटाच्या बाजूला, एक लहानशी गाठ आहे. कर्करोगाची. डॉक्टरांना ती ठाऊक नाही. आता साठेक वर्षांचा प्रवास करायचा आहे. त्यात ग्रंथी हीच राहील, गाठ हीच राहील, तुमचं वयही चौसष्टच राहील. बदलेल ते साल, आणि सुईची वाट.

“बाबूजी, बाईं करवट लीजिए.” तुम्ही डाव्या कुशीवर वळता, गुडघे पोटाशी घेता. डॉक्टर रबरी हातमोज्यावर व्हॅसलीन लावतात. बोट आत जातं, ग्रंथीच्या पाठीवरून फिरतं, दोन-तीन ठिकाणी दाबतं, बाहेर येतं. मऊ आहे, वाढलेली आहे, या वयात व्हायचंच. बोटाला ग्रंथीची फक्त पाठ लागते. पुढची बाजू बोट पोचेल त्याच्या पलीकडे आहे. तुम्ही पायजम्याची नाडी बांधता, हायसं वाटून उठता.

शेजारच्या खाटेवर रोहतककडचा एक शेतकरी आहे. महिनाभर कंबर इतकी दुखतेय की त्याला उठून बसता येत नाही. त्याची ग्रंथी बोटाला दगडासारखी लागली आहे. त्याला पाठीवर झोपवून पाय वर बांधलेत. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेत नोव्होकेनचं इंजेक्शन देतात, मग डॉक्टरांच्या डाव्या हाताचं बोट गुदाशयात आणि उजव्या हातात व्हिम-सिल्व्हरमन सुई. आतल्या बोटाला टणक भाग लागतो, बाहेरची सुई त्या बोटाच्या रोखाने पुढे सरकते. ती दिसत कुणालाच नाही. बोट सांगेल तसं जायचं. बाहेर येतो तो मांसाचा एक बारीकसा तंतू, फॉर्मॅलिनच्या बाटलीत.

त्वचेतून जाणारी ही वाट त्या वेळीही नवी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये बॅरिंजर यांनी १९२२ मध्ये याच जागेतून सुई घालून प्रोस्टेटचा तुकडा काढला होता. बाल्टिमोरच्या ह्यू यंग यांच्या पद्धतीत तर तिथे छेद देऊन ग्रंथी डोळ्यांसमोर उघडीच केली जाई. गुदाशयातून सुई घालण्याची दुसरी वाट १९३७ मध्ये अर्जेंटिनाच्या अस्त्राल्दींनी दाखवली. ती जवळची होती. गुदाशयाची भिंत ओलांडली की ग्रंथी आलीच. स्वीडनच्या फ्रान्झेन यांनी १९६० मध्ये याच वाटेने बारीक सुईने पेशी शोषून घेण्याची रीत आणली. पुढची साठ वर्षं या दोन वाटांमध्ये जी ओढाताण झाली तिचं मूळ इथे आहे.

रोहतकच्या त्या माणसाला तुकड्याच्या अहवालाने नवं काही सांगितलं नाही. बोटाने आधीच सांगितलं होतं. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं होतं की वृषणं काढली किंवा स्टिलबेस्ट्रॉल दिलं की हा रोग काही काळ मागे हटतो. तेच उपचार त्याला मिळतील, कंबर थोडे दिवस शांत होईल. त्या काळात बायोप्सी हा उशिरा आलेल्या रोगावर मारलेला शिक्का होता, आणि हाडांपर्यंत रोग पोचल्यावरच डॉक्टरांकडे येणारी माणसं आपल्याकडे आजही आहेत. त्यांना यापुढचा सगळा खटाटोप लागत नाही. पीएसए या रक्ततपासणीचा आकडा शेकड्यांत, ग्रंथी दगडासारखी, अशा वेळी दोन-चार तुकडे पुरतात. सगळी कसोटी लागते ती तुमच्यासारख्यांच्या बाबतीत, जिथे रोग लहान आहे आणि हाताला लागत नाही.

१९९५. दक्षिण दिल्लीतलं एक मोठं रुग्णालय. कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास, भिंतीला टेकून झोपलेले नातेवाईक, तुमच्या हातात एक चिठ्ठी: पीएसए ७.२. रक्ताच्या तपासणीतून प्रोस्टेटची खबर मिळते हे नवल अजून ताजं आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने निदानासाठी या तपासणीला गेल्याच वर्षी मान्यता दिली. चारच्या खाली ठीक, दहाच्या वर काळजी, आणि तुम्ही नेमके मधल्या पट्ट्यात. याच पट्ट्यातली बहुतेक माणसं निरोगी निघतात. थोडी निघत नाहीत.

आदल्या रात्री एनिमा, सकाळी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी. पुन्हा डावी कूस. या वेळी बोटाच्या जागी सोनोग्राफीचा दांडा येतो. जपानच्या वातानाबेंनी साठीच्या दशकाअखेर रुग्णाला खुर्चीत बसवून गुदाशयातून प्रोस्टेटची सोनोग्राफी करायला सुरुवात केली होती, त्याचं हे सुटसुटीत रूप. पडद्यावर करड्या रंगाची ग्रंथी दिसते. तिची कड दिसते, लांबी-रुंदी मोजता येते. कर्करोग बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून स्टॅनफर्डच्या हॉज आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सुचवल्याप्रमाणे ठरलेल्या सहा जागी सुई मारायची: उजवीकडे तीन, डावीकडे तीन.

भूल नाही. ग्रंथीभोवतीच्या नसांपाशी लिग्नोकेन देण्याची पद्धत रुळायला अजून काही वर्षं आहेत. “आवाज़ आएगी, हिलना मत.” स्प्रिंगच्या पिस्तुलाचा खटका उडतो, टक्. तुम्ही दचकता. दुसरा. तिसऱ्याला तुम्ही पलंगाची कड धरता. प्रत्येक खटक्याला सुई गुदाशयाची भिंत भेदून ग्रंथीत घुसते आणि परत येते. सहाव्यानंतर नर्स बाटल्या तुम्हाला दाखवते, तळाशी दोरा तुटावा तसे तंतू.

आठवड्याने अहवाल येतो. कर्करोग आढळला नाही. घरी पेढे येतात, शेजारच्या पंजाबी कुटुंबालाही जातात.

इथे जरा थांबून हिशेब करा. एक तंतू जेमतेम दीड सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर जाड. असे सहा मिळून होतात सुमारे ०.०७ घन सेंटिमीटर. तुमची वाढलेली ग्रंथी चाळीस घन सेंटिमीटरची. म्हणजे तिचा पाचशेवा भागही सूक्ष्मदर्शकाखाली गेला नाही, आणि गेला तोही सगळा मागच्या बाजूचा, कारण सुई मागूनच येते. “आढळला नाही” याचा अर्थ “या सहा तंतूंत आढळला नाही” एवढाच. हे त्या दिवशी कुणीतरी तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं, असं मला कळकळीने वाटतं. कारण अशा अहवालानंतर लोक तपासण्या सोडून देतात.

२००६. अन्सारी नगर. एम्सच्या एनएमआर विभागात यंत्र ठक-ठक-ठक करत तुमच्याभोवती गर्जतंय. हा विभाग एन. आर. जगन्नाथन यांचा. वीरेंद्र कुमार आणि मूत्ररोग विभागाचे राजीव कुमार यांच्यासह ही मंडळी जगात त्या वेळी मोजक्याच ठिकाणी चाललेलं काम करत आहेत. त्यांना ग्रंथीचं नुसतं चित्र नको, तिची रासायनिक खबर हवी आहे. निरोगी प्रोस्टेटमध्ये सायट्रेट भरपूर असतं. कर्करोगात ते घटतं आणि कोलीन वाढतं. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने ग्रंथीचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकात या द्रव्यांचं प्रमाण काढायचं, आणि जिथे ते बिघडलंय तिथेच सोनोग्राफीखाली सुई न्यायची. पीएसए चार ते दहा असलेल्या, म्हणजे नेमक्या तुमच्यासारख्या पुरुषांवर त्यांनी हे केलं आणि २००७-०८ मध्ये प्रसिद्ध केलं. संशयास्पद चौकोन असतील तर सुईला फळ येण्याची शक्यता वाढते. नसतील तर कर्करोग नसण्याचा भरवसा वाढतो, आणि कदाचित सुई टळूही शकते.

आधी बघा, मग टोचा. पुढच्या दशकात जगभर जी गोष्ट दणक्यात मान्य झाली, तिच्यावर दिल्लीत रिंग रोडच्या कडेला आधीच काम झालेलं होतं. मराठीत याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून इथे मुद्दाम रेंगाळलो.

पण तुमची गाठ पुढच्या बाजूची. तिथे वयाने वाढलेल्या मांसाचे संकेत कर्करोगाच्या संकेतांत मिसळतात. मागच्या भागाचे चौकोन स्वच्छ येतात, पुढचे धूसर. डॉक्टर नकाशावर पेन टेकवतात, उचलतात. पीएसए करत राहा, म्हणतात. बरोबरच सांगतात.

२०११. पीएसए वर आहे म्हणून पुन्हा बायोप्सी. आता तुकडे सहाचे बारा झालेत आणि भूल मिळते, दुखणं खरोखरच कमी आहे. तंतू मागच्याच बाजूचे, गाठ पुन्हा हुकते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेऊन तुम्ही घरी येता. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या संध्याकाळी थंडी वाजते. दिल्लीचा एप्रिल, पंखा चालू, आणि तुम्ही दोन गोधड्यांखाली दात वाजवताय. ताप १०३. मुलगा मध्यरात्री गाडी काढतो.

रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय सापडतात. तुमच्याच आतड्यातले, सुईबरोबर रक्तात गेलेले, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद न देणारे. शिरेतून मेरोपेनेम सुरू होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. तुम्ही वाचता.

त्याच महिन्यात ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास येतो. साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ मध्ये एनडीएम-१ हे जनुक. ज्या जंतूंकडे ते जातं त्यांच्यापुढे मेरोपेनेमच्या जातीची औषधंही लुळी पडतात. त्या नावातलं ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली, आणि त्या नावावरून आधीच्या वर्षी मोठा वाद झाला होता. शहराच्या अब्रूबद्दल तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. मला काळजी वाटते ती आतड्यांची. ज्या शहरातले लोक वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेत आले, त्यांच्या पोटात असे हट्टी जंतू वस्ती करून असणार, हे गृहीत धरूनच तिथल्या डॉक्टरने सुईची वाट ठरवायला हवी. गुदाशयातून बायोप्सी झालेल्या बहुतेकांना काहीही होत नाही, हे खरं. ज्याला होतं त्याच्या जिवाशी खेळ होऊ शकतो, हेही खरं. आधी गुदाशयातला नमुना घेऊन कोणतं औषध चालेल ते पाहणं, सुईआधी आत पोव्हिडोन आयोडीन लावणं, या उपायांनी धोका कमी होतो. वाट तीच राहते.

२०१९. गुरुग्राम. काचेची इमारत, लिफ्टमध्ये मंद संगीत, तीन टेस्लाचं एमआरआय. लंडनहून आलेल्या दोन अभ्यासांनी हवा बदललेली आहे. २०१७ च्या प्रॉमिसमध्ये ५७६ पुरुषांची एमआरआय, नेहमीची गुदाशयातून केलेली बायोप्सी आणि संपूर्ण ग्रंथी विंचरून काढणारी बायोप्सी, तिन्ही केल्या. धोकादायक कर्करोगांपैकी एमआरआयने ९३ टक्के हेरले, नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के. निम्म्याहून जास्त निसटले! पुढच्या वर्षी प्रिसिजनमध्ये ५०० जण होते. एमआरआय बघून नेम धरलेल्या सुईला ३८ टक्क्यांत महत्त्वाचा रोग सापडला, न बघता मारलेल्या सुयांना २६ टक्क्यांत. निरुपद्रवी रोग उगाच सापडण्याचं प्रमाणही २२ वरून ९ टक्क्यांवर आलं. ज्याच्यावर उपचारच नकोत तो रोग न सापडणं हाही फायदा असतो. तो सापडला की माणसाची झोप जाते, आणि पुष्कळदा लघवीवरचा ताबाही, नको असलेल्या शस्त्रक्रियेपायी.

रेडिओलॉजिस्ट बाई पडद्यावर बोट ठेवतात. पुढच्या बाजूला, मधोमध जरा डावीकडे, काळसर, कडा पुसट. पाचपैकी चार गुण, पाय-रॅड्स ४. सत्तावन्न वर्षांत तुमची गाठ पहिल्यांदा कुणालातरी दिसली.

“क्षयरोग झाला होता का कधी? मूत्राशयात बीसीजीचं औषध?” त्या विचारतात. प्रोस्टेटचा क्षय किंवा तशीच सूज एमआरआयवर हुबेहूब कर्करोगासारखी दिसू शकते, आणि आपल्या देशात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तुम्ही नाही म्हणता. त्या लिहून घेतात.

मग फ्यूजनचं यंत्र, म्हणजे एमआरआयचं चित्र सोनोग्राफीवर बसवणारं सॉफ्टवेअर. जाहिराती त्याच्याच असतात. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्येच आलेल्या अभ्यासात फ्यूजन, एमआरआयच्या बोगद्यातच केलेली बायोप्सी, आणि चित्र डोक्यात ठेवून हाताने धरलेला नेम या तिघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. यंत्रापेक्षा एमआरआय कोण वाचतंय आणि सुई कोण धरतंय, याची चौकशी करा. महागडं यंत्र नसलेल्या सरकारी रुग्णालयातला अनुभवी हात कमी लेखू नका. तिथे अडचण बहुधा एमआरआयच्या लांबच्या तारखेची असते, आणि ती खरीखुरी अडचण आहे.

तुमच्या गाठीला मात्र मागून पोचायला सुईला सगळी ग्रंथी पार करावी लागणार. त्वचेतून जायचं तर पूर्ण भूल, ऑपरेशन थिएटर, तारीख पुढची.

२०२५. त्याच दिल्ली परिसरात, साधी प्रोसिजर रूम. थिएटर लागत नाही, तुम्ही जागे आहात. पाठीवर, पाय वर, रोहतकच्या माणसासारखेच. मधली त्वचा बीटाडीनने पुसतात. गार लागतं. लिग्नोकेन टोचताना चुरचुरतं, नंतर खोल आत दिलेलं दुसरं इंजेक्शन जास्त लागतं. सोनोग्राफीचा दांडा या वाटेतही गुदाशयातच असतो. अनेकांना वाटतं की तो टळतो, तसं नाही. पण सुई आता गुदाशयाला शिवत नाही. स्वच्छ केलेल्या त्वचेतून, एका वाटाड्या सुईमधून ती शिरते, गुदाशयाला समांतर सरळ पुढे जाते आणि पडद्यावर गाठीत घुसताना दिसते. पुढच्या भागातून चार तुकडे, मग दोन्ही बाजूंचे नेहमीचे.

ब्रिटनच्या ट्रान्सलेट अभ्यासात ११२६ पुरुष होते. त्वचेतून गेलेल्या सुईला महत्त्वाचा रोग ६० टक्क्यांत सापडला, गुदाशयातून ५४ टक्क्यांत. वेळ जास्त लागला, दुखलंही जास्त, हे लपवायचं कारण नाही. अमेरिकेच्या प्रिव्हेंटमध्ये ६५८ जण. अँटिबायोटिक न देता त्वचेतून केलेल्यांत एकालाही संसर्ग नाही. नमुना तपासून नेमकं औषध देऊन गुदाशयातून केलेल्यांत १.४ टक्के. हा फरक आकडेशास्त्राच्या काटेकोर कसोटीला थोडक्यात उतरला नाही. तरी दिल्लीत राहणाऱ्या माणसाने कोणत्या बाजूला झुकावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न एका फेरीतल्या दीड टक्क्याचा नाही. अँटिबायोटिकशिवाय काम होत असेल, तर या शहराला तेच हवं. मात्र तुमच्या रुग्णालयात फक्त गुदाशयाची वाट असेल आणि ते लोक नमुना तपासून काळजीने करत असतील, तर वाटेपायी तपासणी लांबवू नका. युरोपच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनातही आता त्वचेची वाट पुढे आहे. १९२२ च्या बॅरिंजरची वाट, फरक इतकाच की आता सुई दिसते.

लघवीत दोन दिवस थोडं रक्त. वीर्यात कित्येक आठवडे तांबूस रंग, त्याने घाबरू नका, हे डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. काहींची लघवी अडते, तुमची नाही. ताप नाही.

अहवाल: पुढच्या भागातल्या चारपैकी तीन तुकड्यांत कर्करोग. ग्लीसन ३ अधिक ४, दुसरा गट. चारच्या, म्हणजे जास्त आक्रमक, नमुन्याचं प्रमाण दहा टक्के. मिनेसोटाच्या डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये बसवलेली ही श्रेणी अजून चालते. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसतात. शस्त्रक्रिया, किरणोपचार, आणि चारचं प्रमाण इतकं कमी असल्याने डोळ्यांत तेल घालून नुसतं लक्ष ठेवणं, तिन्ही मांडतात. ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात या तीन गटांतले १६४३ पुरुष पंधरा वर्षं पाहिले, कोणत्याही गटातले सुमारे ९७ टक्के या रोगाने गेले नाहीत, हेही सांगतात. “निर्णय आज नको. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून या.” उठताना विचारतात, “भाऊ आहेत का? मुलगे?” सख्ख्या नात्यात हा रोग असला की धोका साधारण दुप्पट होतो.

तुम्ही पार्किंगमधूनच पुण्याला फोन लावता.

“वय किती रे झालं तुझं?”

“एकोणसाठ. का रे दादा?”

“पीएसए केलंस कधी?”

“ते काय असतं?”

“रक्ताची तपासणी. या आठवड्यात करून घे. आकडा वर आला तर आधी परत एकदा कर, लघवीच्या जंतुसंसर्गानेही वाढतो तो. तरी वरच राहिला तर पहिली एमआरआय. आणि बायोप्सी सांगितलीच, तर सही करायच्या आधी विचार, सुई कुठून घालणार? काय म्हणतात ते मला फोन करून सांग.”